मला वाटलं तू घेतलंस! ट्रेकला विसरलेल्या वस्तू आणि झालेल्या चुका

डोंगरवाट

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोच. गेल्या जानेवारीत आम्ही नऊजण हरिश्चंद्रगडला गेलो होतो, खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वाटेने. सगळे जुने गडी, कुणाचाच पहिला ट्रेक नाही, मी स्वतः हा गड सात-आठ वेळा केलेला. आमच्यातल्या एकाला लहानपणापासून दमा आहे. ट्रेक करतो, पळतो, काही अडत नाही, फक्त तो निळा पंप जवळ लागतो. खुबी फाट्याला एसटीतून उतरलो, धरणाच्या बांधावरून चालत खिरेश्वर गाठलं, एका घरी चहा झाला आणि तिथे सामानाची वाटावाटी सुरू झाली. त्याची सॅक हलकी करायची म्हणून त्यातलं बरंचसं दुसऱ्या सॅकमध्ये भरलं, त्यात औषधांची पिशवीपण गेली. मग कुणीतरी म्हणालं की वर तंबू भाड्याने मिळतात, आपला कशाला वाहायचा, एक सॅक इथेच ठेवून जाऊ. ठेवली ओसरीवर. तीच सॅक.

तोलार खिंड झाली, रेलिंगचा कातळटप्पा झाला, त्यापुढच्या चढउताराच्या टेकड्या झाल्या, संध्याकाळी कोकणकडा बघून देवळापाशी आलो, तोपर्यंत कुणाच्याही डोक्यात काही नाही. रात्री शेकोटी, धूर, कडाक्याची थंडी. साडेनऊच्या सुमारास तो बोलायचा थांबला. मग उठून बसला, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. म्हणाला पंप दे. मी दुसऱ्याकडे बघितलं, त्याने तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाच्या तोंडातून एकच वाक्य आलं, मला वाटलं तू घेतलास.

त्यानंतरची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही चौघं चार दिशांना पळालो, प्रत्येक तंबूपाशी, प्रत्येक शेकोटीपाशी जाऊन विचारत, कुणाकडे दम्याचा पंप आहे का. पुष्करणीच्या बाजूला उतरलेल्या एका ग्रुपमधल्या ताईंकडे होता, तोच, तसाच निळा. त्या स्वतः आल्या, त्याच्या शेजारी बसून त्याला नीट ओढायला लावला आणि रात्री पुन्हा दोनदा येऊन बघून गेल्या. सकाळी आम्ही उठायच्या आत त्यांचा ग्रुप पाचनईकडे उतरून गेलेला होता. नीट आभारपण मानता आले नाहीत. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तो बरा आहे, छान आहे.

आमच्याकडे यादी होती. यादीत 'औषधे' लिहिलेलं होतं आणि पुढे टिक होती, कारण टिक केली तेव्हा औषधं खरोखरच घेतलेली होती. म्हणून इथे नुसत्या याद्या नकोत. तुमच्याबाबतीत नेमकं काय आणि कसं घडलं ते लिहा, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत तेही लिहा.

घाटमाथा

वाचताना अंगावर काटा आला राव. आमचं प्रकरण जिवावरचं नव्हतं पण वाक्य तेच.

राजगड-तोरणा करायचा होता, दोन गाड्या. आदल्या दिवशी एक गाडी वेल्ह्यात लावली, सगळे दुसऱ्या गाडीतून गुंजवण्याला आलो, चोर दरवाज्याने वर, पद्मावतीच्या देवळात मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे संजीवनी माचीवरून, अळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याच्या धारेला लागलो. ही दिवसभराची चाल आहे, मधे डांबरी रस्ता ओलांडतो तेवढाच, बाकी उघडी धार आणि ऊन. बुधला माचीवर पोचेपर्यंत पाणी संपत आलं होतं, मेंगाई देवीच्या देवळापाशी टेकलो, भरपूर पाणी प्यायलो, बिनी दरवाज्याने अंधार पडता पडता वेल्ह्यात उतरलो. गाडी समोर दिसत होती. किल्ली गुंजवण्याच्या गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात. आदल्या दिवशी गाडी लावल्यावर ज्याने किल्ली काढली त्याने ती 'हरवायला नको' म्हणून दुसऱ्या गाडीत सुरक्षित ठेवली होती.

त्या वेळेला वेल्ह्यातून मार्गासनीकडे जायला काही मिळेना. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्या काकांनी आमच्यातल्या दोघांना मार्गासनीपर्यंत सोडलं, तिथून साखरमार्गे गुंजवण्याकडे काही चालत, काही एका बाईकवाल्याच्या मागे बसून, आणि रात्री साडेअकराला गाडी घेऊन परत आले. तोपर्यंत बाकीचे पाचजण एका बंद दुकानाच्या पायरीवर, घामाचे कपडे अंगावर वाळवत. एकाला दुसऱ्या दिवशी ताप भरला.

तेव्हापासून नियम केलाय की ट्रॅव्हर्स, म्हणजे एकीकडून चढून दुसरीकडे उतरायचं, असेल तर शेवटच्या गाडीची किल्ली मूळ गाडीतून उतरताना मोठ्याने 'किल्ली' असं ओरडून सगळ्यांना हातात धरून दाखवायची, आणि दुसरी किल्ली दुसऱ्याच माणसाच्या कमरेच्या पाऊचमध्ये. ऐकायला पोरकट वाटतं पण पाच वर्षांत चुकलेलं नाही.

सुवेळा

कळसूबाई, रात्रीची चढाई, बारीहून. बायकाबायकांचाच ग्रुप होता, अकराजणी. पहाटे १६४६ मीटरवर उभं राहून सूर्योदय बघायचा एवढंच डोक्यात. माझा हेडटॉर्च सॅकमध्ये दाबला जाऊन आपोआप चालू झाला होता आणि मुंबईहून बारीत येईपर्यंत सेल पार संपले. सुटे सेल आणले नव्हते. म्हटलं मोबाईलचा लाईट आहे की. आता शिडीवर चढताना दोन्ही हात कठड्याला लागतात, मोबाईल धरायचा कशात? दातात धरून चढले मी पहिली शिडी. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर तो सुटला आणि खाली गेला, माझ्या मागून येणाऱ्या मैत्रिणीच्या खांद्याला लागून. तिच्या डोक्याला लागला असता तर तिचा हात सुटला असता. हा विचार मला अजूनही रात्री येतो.

दोन गोष्टी शिकले. एक, घरून निघताना टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवायचा, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी लागत नाही. (चार्जिंगवाल्याला हे जमत नाही, त्यातल्या बऱ्याच टॉर्चना बटण लॉक करायची सोय असते, ती शोधून ठेवा.) दोन, मोबाईलचा लाईट म्हणजे टॉर्च नव्हे. ज्याच्याकडे टॉर्च नाही त्याने शिडीखाली थांबायचं आणि उजेड झाल्यावर चढायचं, सूर्योदय गेला तरी चालेल.

जुना_भटक्या

पोरांनो, तुमच्या आधीच्या काळातलं एक सांगतो. १९९३ चा ऑगस्ट, रतनगड. तेव्हा मोबाईल नाही, रस्ते नाहीत असले, रतनवाडीला पोचणं हाच एक ट्रेक होता. आम्ही सहाजण. संध्याकाळच्या मुक्कामी एसटीने शेंडीत उतरलो, एसटी तिथेच रात्री थांबायची आणि ड्रायव्हर-कंडक्टरसोबत आम्हीपण तिथेच पथारी पसरली. सकाळी रतनवाडी, अमृतेश्वराचं दर्शन, मग जंगलातून शिड्यांकडे. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना.

वर गुहेत पोचलो. तांदूळ होते, डाळ होती, कांदे-बटाटे, मसाला, रॉकेलचा स्टो, सगळं होतं. काडेपेट्या दोन होत्या आणि दोन्ही एकाच सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, दोन्हींचा लगदा. एक भिजली तर दुसरी असावी म्हणून दोन घेतलेल्या आणि ठेवल्या शेजारीशेजारी. तो जो मूर्खपणा आहे ना, तो माझाच होता, मीच भरली होती सॅक. दोन दिवस आम्ही भिजवलेले पोहे आणि गूळ खाल्ला. भुकेचं काही नाही, पण आमच्यातला एकजण कुडकुडत होता, ओठ निळसर पडायला लागले होते, आणि त्याला गरम पाण्याचा घोट देता येत नव्हता हे फार वाईट होतं. सगळ्यांचे कोरडे कपडे काढून त्याला घातले, मधे घेऊन झोपलो. निभावलं.

पुढे फिल्मच्या रोलची जी काळी प्लास्टिकची डबी यायची, ती आम्ही सगळ्यांनी एकेक ठेवली. त्यात काड्या आणि काडेपेटीच्या कडेचा फाडलेला तुकडा. काड्यांची डोकी मेणात बुडवून घ्यायची. प्रत्येकाच्या खिशात स्वतःची डबी, सॅकमध्ये नाही. हल्ली लायटर आले, पण तेही भिजले की तासभर रुसतात, तेव्हा दोन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा.

आणि डोंगरवाट, तुझ्या लेखात मला जे दिसतं ते असं की वस्तू घरी विसरलेलीच नव्हती. ती वाटेत हात बदलताना सुटली. आमच्या काड्यापण घरी राहिल्या नव्हत्या. घरून निघताना माणूस सावध असतो, पायथ्याला चहा प्यायल्यावर सैल पडतो.

डोंगरवाट

काका, अगदी हेच. मी इतके दिवस 'आम्ही पंप विसरलो' असं म्हणत होतो, खरं तर पंप विसरला नव्हता, पंप कुणाकडे आहे हे विसरलो होतो.

कातळफूल

मी पेशाने डॉक्टर आहे म्हणून पहिल्या पोस्टबद्दल थोडं. दम्याचा त्रास सुरू झाला की माणसाला आडवं करू नका, बसवून पुढे झुकू द्या, हात टेकायला काहीतरी द्या. धुरापासून लांब न्या, थंड हवा नाकातोंडात थेट जाऊ नये म्हणून मफलर लावा. थंड कोरडी हवा आणि शेकोटीचा धूर, या दोन्हींनी दमा उसळतो, आणि हिवाळ्यातल्या गडावर दोन्ही एकदम मिळतात. तुम्ही दुसऱ्याचा पंप वापरलात ते तेव्हा बरोबरच होतं, तेच औषध होतं आणि दुसरा मार्ग नव्हता. पण पंपाने आराम पडत नसेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच खाली न्यायची तयारी करायची आणि ११२ ला फोन लावायचा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा नंबर बऱ्याचदा लागतो, त्यामुळे 'नेटवर्क नाही' बघून फोन खिशात टाकू नका.

अजून एक, पंप जवळ असणं वेगळं आणि पंपात औषध असणं वेगळं. ज्यावर आकडा दिसतो तो बघा. ज्यावर नाही त्याचे किती वेळा दाबले ते लिहून ठेवा. पाण्यात तरंगतो का बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही. उन्हात तापलेल्या गाडीत पंप ठेवू नका.

जाता जाता ओआरएसचं सांगते कारण दर उन्हाळ्यात हे बघते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून 'जास्त ताकद येईल' म्हणून पिणारे खूप आहेत. त्याने तहान वाढते, उलट्या-जुलाब होऊ शकतात. पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजून घ्या.

उंबरठा

माझं थोडक्यात. नाणेघाटातून जीवधनला जायचं, वैशाखरेकडून चढायला सुरुवात केली. बूट भारीतले, सात वर्षांपूर्वी घेतलेले, पण मधे लग्न, मूल, नोकरी यात फार तर तीनदा घातलेले, म्हणजे माझ्या मते नवेच. घाटाच्या मध्यावर उजव्या बुटाचा तळ लोंबायला लागला, वर सातवाहनांच्या लेण्यात पोचेपर्यंत डावापण गेला. दगडी रांजणापाशी बसून बूट हातात घेतला तर तळाच्या मधला जो मऊ थर असतो ना त्याचा अक्षरशः भुगा होत होता, बोटाने चिमटीत धरला की सुटत होता.

नंतर वाचल्यावर कळलं की हा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो. वापरा किंवा नका वापरू. उलट खोक्यात बंद करून ठेवलेला बूट जास्त फसवतो, कारण वरून नवाकोरा दिसतो. जीवधन सोडला, सुतळीने तळ बांधून घाटघरला गेलो आणि तिथून जीप. आता ट्रेकच्या आठ दिवस आधी बूट काढून वाकवून, कडा दाबून बघतो आणि घालून दोन किलोमीटर चालून येतो. सॅकमध्ये चार केबल टाय कायम.

रानजाई

मला वस्तू विसरण्याबद्दल नाही लिहायचं, सांगायचं विसरण्याबद्दल लिहायचंय. लिहू का नको असं झालं होतं.

कॉलेजला असतानाची गोष्ट. जुलै महिना. घरी सांगितलं होतं की खांडसहून भीमाशंकर, गणेश घाटाने वर, एक मुक्काम आणि उद्या संध्याकाळी घरी. कर्जतला पोचलो तर खांडसची एसटी गेलेली. समोर जामरुखची उभी होती. पाच मिनिटांत ठरलं, आंबिवलीला उतरू, पेठचा किल्ला करू, कोथळीगड. सगळे खूष. पेठ गावात मुक्काम केला, भातशेतीतून धबधबे बघत फिरलो, फोनला रेंज नव्हती आणि कुणाला त्याचं काही वाटलंपण नाही. पाऊस इतका होता की दुसऱ्या दिवशी उतरलो नाही, अजून एक दिवस राहू म्हटलं. आम्ही सुरक्षित होतो, गरम पिठलं-भाकरी खात होतो.

घरच्यांना माहीत होतं भीमाशंकर. शिडी घाटाच्या बातम्या त्यांनी ऐकलेल्या. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही आलो नाही तेव्हा बाबा आणि काका पहाटे खांडसला गेले. भर पावसात बाबा वाड्या-वाड्यांवर जाऊन माझा फोटो दाखवत होते, ही मुलगी इथून वर गेली का. कुणी पाहिलंच नव्हतं, कसं पाहणार. पोलिसांना सांगितलं, गावातली दोन मुलं त्यांच्यासोबत अर्धा घाट चढून आली. आणि मी दुपारी कर्जत स्टेशनला आल्यावर सहज फोन चालू केला.

बाबा मला काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांच्या पायांना जळवांच्या चावल्याच्या खुणा होत्या, तेवढ्या मी बघितल्या. ते आता नाहीत. बेत बदलला तर एक मेसेज करायचा, एसटी सुटायच्या आधी करायचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

घाटमाथा

रानजाई ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या ग्रुपवर हे आत्ताच टाकलं.

पाचनईकर

नमस्कार. मी हे सगळं वाचतोय दोन दिवस, आज टाइप करतोय मोबाईलवरून, चुका झाल्यास समजून घ्या. आमचं घर पाचनईत आहे, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, घरी जेवणाची आणि राहण्याची सोय करतो, आई आणि वहिनी सैपाक करतात.

तुम्ही लोक काय काय विसरून जाता ते आमच्याकडे एका पेटीत ठेवलंय. चार्जर तर विचारूच नका. टॉवेल, डबे, चष्मे, एकदा एका दादांची दातांची कवळी राहिली होती, ते बिचारे पुढल्या आठवड्यात मुद्दाम परत आले. एकदा एका ताईंची औषधं राहिली, साखरेच्या आजाराची, फ्रिजमध्ये ठेवायला दिलेली. आम्हाला रात्री फ्रिज उघडल्यावर दिसली. भाऊ टॉर्च घेऊन वर गेला द्यायला, अडीच तासात जाऊन आला. हे सांगतोय ते उपकार म्हणून नाही, आमचं कामच आहे ते. पण पायथ्याच्या घरी काही ठेवलं, तर निघताना त्या घरच्या माणसाला सांगा की यात अमुक आहे. आम्ही तुम्हाला आठवण करून देतो. खिरेश्वरच्या त्या घरच्यांना माहीत असतं की ओसरीवरच्या सॅकमध्ये दम्याचं औषध आहे, तर त्यांनी नक्की कुणाला तरी मागे पाठवलं असतं, माणसं ओळखीची आहेत आमच्या.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही आमच्याकडे चहा-नाष्टा करून वर जाता, म्हणता संध्याकाळी जेवायला येतो, दहा माणसांचं करून ठेवा. मग वर गेल्यावर मन बदलतं आणि तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून कल्याणची गाडी पकडता. इकडे भाकरी थापलेल्या असतात, त्याचं काही नाही. पण आई झोपत नाही. ती म्हणते पोरं वर अडकली असतील. पावसाळ्यात दोनदा आम्ही बॅटऱ्या घेऊन वर शोधायला गेलो, पार देवळापर्यंत, आणि लोक आपापल्या घरी झोपलेले. फोन नंबर दिलेला असतो तुमच्याकडे. दुसऱ्या वाटेनं उतरलात तर एक फोन करा. रात्री बारा वाजता केला तरी राग नाही.

सुवेळा

पाचनईकर दादा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही असं केलंय. साम्रदला, सांदण दरीच्या वेळी, जेवण सांगून भंडारदऱ्याकडे परस्पर निघून गेलो होतो. त्या काकूंचा नंबर अजून आहे माझ्याकडे, आज फोन करते.

शिवसागर

वासोट्याचं सांगतो. बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं, वनखात्याच्या चौकीत नोंद, मग घनदाट जंगलातून वर. कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे संध्याकाळच्या आत माणसाने बाहेर पडायचंच, मुक्काम चालत नाही. आम्ही वेळेत उतरत होतो. निम्म्यावर आल्यावर एकाला आठवलं, कॅमेरा बाबूकड्यापाशी राहिला. महागाचा होता, नवा होता. तो म्हणाला मी पळत जाऊन आणतो, तुम्ही व्हा पुढे. आणि आम्ही त्याला जाऊ दिलं. एकट्याला.

खाली चौकीत नोंद बारा जणांची, आलो अकरा. वनरक्षक काकांनी विचारलं बारावा कुठाय, आम्ही म्हटलं येतोय मागून. त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले या वेळेला गवे पाण्यावर उतरतात, एकटा माणूस वाटेवर कसा सोडलात? ते स्वतः काठी घेऊन वर गेले, आमच्यातले दोघं त्यांच्यासोबत. तो पाऊण तासाने भेटला, वाट चुकून एका ओढ्याच्या पात्रात उतरलेला, गुडघा फुटलेला. कॅमेरा मिळाला होता. लाँचवाले मामा अंधार पडायला आला तरी आमच्यासाठी थांबून राहिले.

कॅमेरा विसरणं ही छोटी चूक. मोठी चूक त्यानंतरची, विसरलेलं परत आणायला माणूस एकटा पाठवायचा ही. अशा वेळी राहिलेली वस्तू गेली असं समजायचं, किंवा दोघं-तिघं आणि वेळ बघून. बहुतेक अपघात मला वाटतं असेच होतात, आधीची चूक घाईघाईने निस्तरायला जाताना.

जुना_भटक्या

शिवसागर, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आमच्या वेळी पुढचा आणि शेवटचा माणूस ठरलेला असायचा, तुम्ही हल्ली लीड आणि बॅकलीड म्हणता तेच. प्रत्येक खिंडीत, शिडीच्या वर, ओढा ओलांडल्यावर मोजणी. मोजणी डोकी बघून नाही करायची, प्रत्येकाने आपला आकडा स्वतः ओरडायचा. डोकी मोजताना माणूस स्वतःला मोजायला विसरतो किंवा दुसऱ्याच ग्रुपचा माणूस मोजून मोकळा होतो. धुक्यात तर हमखास.

धुक्यावरून आठवलं, गावाकडे चकवा लागला म्हणतात, त्याच त्याच जागी माणूस फिरून येतो. मी दोनदा अनुभवलाय. दोन्ही वेळा मळलेली वाट सोडून ढोरवाटेला लागलो होतो आणि ते कळूनसुद्धा 'पुढे मिळेल की वाट' म्हणून चालत राहिलो होतो. शेवटची खात्रीची खूण जिथे पाहिली तिथवर मागे जायचं हे सगळ्यांना पाठ असतं. त्या वेळी आठवत नाही, कारण मागे जायचं म्हणजे चढ परत चढायचा असतो.

बर्फाळ

सह्याद्रीबाहेरचं चालेल ना? केदारकंठा, डिसेंबर, सांक्रीहून. पुण्यातून आम्ही आठजण गेलेलो. माझा गॉगल शेवटच्या कॅम्पवर तंबूत राहिला. पहाटे अंधारात निघतो आपण समिटला, तेव्हा गॉगलची आठवण येणार कशी, तो लागतो सूर्य वर आल्यावर. साडेबारा हजार फुटांवर चहूकडे बर्फ आणि लख्ख ऊन, मी चार तास डोळे बारीक करून फिरलो, फोटो काढले, काही वाटलं नाही. संध्याकाळी डोळ्यात वाळू घातल्यासारखं सुरू झालं, पाणी थांबेना, रात्री डोळे उघडताच येईनात. मला वाटलं गेली दृष्टी. गाइडने सांगितलं, बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळ्याचा वरचा पडदा भाजतो, त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळे झाकून अंधारात राहिलं की दीड-दोन दिवसांत बरं होतं. तसंच झालं, पण खालचा सगळा रस्ता मित्राच्या सॅकचा पट्टा धरून उतरलो. गाइड म्हणाला, वर असतानाच सांगितलं असतंस तर पुठ्ठ्याला बारीक आडवी चीर पाडून डोळ्यांवर बांधून दिला असता, तेवढ्यानेसुद्धा निभावतं. मी सांगितलंच नाही, गॉगल विसरलो हे कबूल करायची लाज वाटली म्हणून.

कातळफूल

बर्फाळ, हे लाजेचं फार खरं आहे. गोळी घ्यायची राहिली, पाणी संपलंय, टाच सोलली आहे, लोक सांगत नाहीत. तिथे कुणीतरी वयाने मोठ्याने दर तासाला एकेकाला नाव घेऊन विचारावं. 'सगळे ठीक ना?' असं विचारलं की सगळे ठीकच असतात.

निळा_पंप

नमस्कार मंडळी. मी तोच, पहिल्या पोस्टमधला दमेकरी. डोंगरवाटने लिंक पाठवली, आजच खातं उघडलं.

त्या रात्रीबद्दल याने जे लिहिलंय ते बाहेरून दिसलेलं आहे. मला आतून जे आठवतं ते सांगतो. श्वास अडकत होता तेव्हा भीती तर होतीच, पण त्याहून जास्त मला यांचे चेहरे दिसत होते. नऊ वर्षं सोबत फिरतोय आम्ही. ज्याने माझी सॅक हलकी केली त्याने प्रेमाने केली होती, मी नको म्हणत असताना केली होती, आणि तोच त्या रात्री तंबूबाहेर उकिडवा बसून रडत होता. नंतर दोन महिने तो ट्रेकला आला नाही. त्याला मी परत परत सांगितलं की अरे पंप माझा आहे, छाती माझी आहे, तो माझ्या अंगावर असायला हवा होता, सॅक हलकी करताना मीच तो काढून खिशात ठेवायला हवा होता. आत्ता कुठे त्याला ते पटायला लागलंय.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. पंपाला आईने क्रोशाची छोटी पिशवी विणून दिली, तिला जाड दोरा, ती गळ्यात असते. अंघोळीला काढतो तेवढीच.

पाचनईकर दादा, आम्ही या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतोय, यावेळी तुमच्या बाजूने. नऊच्या नऊ. रडणारा पण येतोय, त्यानेच तिकिटं काढली. एक पंप माझ्या गळ्यात असेल, दुसरा त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये, आणि तिसरा वर जाताना तुमच्या आईकडे देऊन जाणार आहे, त्यात काय आहे ते सांगून. जेवण नऊ जणांचं. रविवारी उतरणार तुमच्याकडेच, आणि नसेल उतरत तर फोन करतो.

पाचनईकर

या दादा. आईला सांगितलं. ती विचारते, पिठल्यात लसूण चालतो ना सगळ्यांना?